कार्ट्रिजवर दीड लाख घालावेत का? (टेक्निक्स १२००, ख्याल आणि शेवटचा इंच)

उत्तररात्र (इंदूर)

मंडळी, मागे एका धाग्यावर नुसताच वाचक होतो, आज स्वतःचं घोडं पुढे दामटतोय.

सासऱ्यांकडून दोनशेच्या वर एलपी घरी आल्या. बहुतेक ख्याल, थोडी ठुमरी, थोडं नाट्यसंगीत. शिवाय एक पत्र्याची ट्रंक भरून ७८ च्या तबकड्या. टर्नटेबल माझं आधीपासूनचं, टेक्निक्स एसएल-१२०० एमके२. त्यावर ऑर्टोफोन २एम ब्लू हे कार्ट्रिज (सुई आणि तिची थरथर विजेत बदलणारी डबी). अँप्लिफायर जुना जपानी, त्यात फोनो इनपुट (टर्नटेबल जोडायची जागा) आहे पण फक्त एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) जातीच्या कार्ट्रिजचं.

तक्रार अशी की रेकॉर्डचा शेवटचा इंच फाटतो. विलंबित ऐकताना अंगावर काटा येतो आणि द्रुत सुरू झालं की तानांच्या जागी कोणी कागद चुरगाळतंय असं वाटतं. 'स' आणि 'श' तर कानात टोचतात.

दिवाळीचा बोनस आणि थोडी शिल्लक मिळून दीड लाख बाजूला काढलेत. ऑर्टोफोन कॅडेन्झा ब्रॉन्झ (एमसी, म्हणजे मूव्हिंग कॉइल जातीचं) घ्यायचं जवळपास ठरवलंय. इंदुरात कार्ट्रिज ऐकवून विकणारं कोणी मला तरी सापडलं नाही, सगळं वाचूनच ठरवतोय. घेऊ का?

पोहे_जास्त_शेव

भिया, दीड लाखात छप्पन दुकानवर किती वर्षं नाश्ता होईल याचा हिशोब करून राहिलो आहे. झाला की कळवतो.

त्रैराशिक (बडोदा)

उत्तररात्र, कार्ट्रिजचं नाव बाजूला ठेवा, आधी तुमच्या आर्मशी (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याशी) त्याचं गोत्र जुळतं का ते बघू. सुईची दांडी रबराच्या एका बारीक कडीवर तोललेली असते. म्हणजे ती स्प्रिंग, आणि आर्म अधिक कार्ट्रिज हे त्या स्प्रिंगवर टांगलेलं वजन. या जोडीला स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती ८ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान पडली तर उत्तम. त्याखाली गेली की रेकॉर्डच्या वाकडेपणाने आर्म डोलायला लागतो, वर गेली की संगीताच्या खालच्या स्वरांत लुडबूड करते.

गणित साधं आहे. आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिज आणि स्क्रू यांची ग्रॅममध्ये बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या लवचिकपणाच्या आकड्याने गुणा, वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा.

तुमच्या टेक्निक्सचा आर्म हेडशेलसकट (टोकाला कार्ट्रिज बसवायच्या बैठकीसकट) १२ ग्रॅमचा. कॅडेन्झा ब्रॉन्झ १०.७ ग्रॅम, स्क्रूंचा १ ग्रॅम धरू. बेरीज २३.७. लवचिकपणा १२. उत्तर येतं ९.४ हर्ट्झ. पत्रिका छान जुळते. उलट पुष्कळ लोक सुचवतात ते २एम ब्लॅक याच आर्मवर साडेसात हर्ट्झला येतं, कारण त्याचा लवचिकपणा २२ आहे. चालतं, पण वाकड्या रेकॉर्डवर वूफरचा पडदा नुसता हेलकावे खाताना दिसेल.

एक खबरदारी. १०.७ ग्रॅमचं कार्ट्रिज त्या आर्मच्या नेहमीच्या वजनाने तोललं जाणार नाही. आर्मच्या शेपटाला स्क्रूने बसवायचं एक छोटं जादा वजन पेटीत येतं, ते शोधून ठेवा.

शंकासुर

मग डेनन डीएल-१०३ का नको? जगभर लोक नावाजतात. पण तुमच्याच सूत्राने लवचिकपणा ५ घातला तर १५ हर्ट्झच्या वर जातं. म्हणजे जे हजारो लोक ते टेक्निक्सवर लावतात ते सगळे बहिरे?

त्रैराशिक

बहिरे नाहीत हो. तो ५ चा आकडा १०० हर्ट्झला मोजलेला आहे. जपानी कंपन्या बहुधा १०० हर्ट्झचा आकडा छापतात, ऑर्टोफोन १० हर्ट्झचा. सूत्रात १० हर्ट्झचाच चालतो. जपानी आकड्याला साधारण दीडपट ते दुप्पट करायचं, हा अंदाजच, पण कामाचा. डीएल-१०३ ला ९ धरा, मग साडेअकरा येतात. बसलं की चौकटीत.

या एका गोंधळापायी किती चांगली लग्नं मोडली असतील देव जाणे.

जुनी_पिन (इंदूर)

पोरांनो, स्प्रिंगचं झालं, आता विजेचं बोला. तुझ्या अँपला एमसी इनपुट नाही हे तूच लिहिलंस आणि पुढे सगळे विसरले.

२एम ब्लू साडेपाच मिलिव्होल्ट देतं. कॅडेन्झा ब्रॉन्झ ०.४. एमएमचा फोनो साधारण ४० डेसिबल वाढवतो, म्हणजे शंभर पट. ब्लूचे ५५० मिलिव्होल्ट होतात, ब्रॉन्झचे ४०. आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळशील तेव्हा गाणं ऐकू येईल, आणि त्याच्यासोबत सस्स असा जो आवाज येईल तो गॅसवरच्या तव्यासारखा. तेव्हा एमसीसाठी ६० डेसिबलच्या आसपासचा फोनो स्टेज घे, नाहीतर मधे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर टाक. हा खर्च तुझ्या दीड लाखात धरलायस का?

माझ्याकडे गॅरार्ड ४०१ टर्नटेबल आहे, त्याला १:१० चा ट्रान्सफॉर्मर लावलाय. ०.४ चे ४ मिलिव्होल्ट होतात, एमएमच्या इनपुटला तेवढं पुष्कळ. आता गंमत बघ. अँपचे ४७,००० ओहम ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडून कार्ट्रिजला तेवढे दिसत नाहीत, गुणोत्तराच्या वर्गाने भागून दिसतात. १० चा वर्ग १००, म्हणजे ४७०. ब्रॉन्झला ५० ते २०० ओहम हवेत. मग प्रायमरीवर (ट्रान्सफॉर्मरच्या कार्ट्रिजकडच्या बाजूला) २२० ओहमचा एक रेझिस्टर समांतर डकवला की बरोबर १५० होतात. महाराणी रोडवर रेझिस्टर मागितला तर दुकानदार सुटा देईना, शंभरचं पाकीट गळ्यात मारलं. हवे असतील तर ९८ शिल्लक आहेत.

१:२० लावलास तर ओहम आपोआप ११७ होतील पण ८ मिलिव्होल्ट आत जातील. काही अँपना ते झेपतं, काहींचा मोठ्या तानेला घसा बसतो.

उत्तररात्र

काका, धरला नव्हता. सगळे दीड लाख कार्ट्रिजचेच होते.

मंद्रसप्तक (ग्वाल्हेर)

मी गाणारी बाई, मला हर्ट्झ-ओहम कळत नाहीत असं कोणी समजू नये, पण एक साधा प्रश्न. दादा, फाटतं ते सगळ्या रेकॉर्डींवर की काहींवर? आणि दोन्ही बाजूंना सारखं?

विचारण्याचं कारण असं. आपल्या ख्यालाची बांधणी आणि एलपीची बांधणी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या आहेत. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते आणि आत लेबलजवळ जेमतेम २१. म्हणजे बाहेर ऐसपैस लिहिलेलं आत दाटीवाटीने लिहावं लागतं. आणि आपण बाहेर काय ठेवतो? विलंबित, जिथे एका आवर्तनात माणूस चहा पिऊन येईल. आत काय? द्रुत, तराणा, सगळ्यात वेगवान ताना. वीस-बावीस मिनिटांची बाजू असली की हे संपूर्ण दाटीत जातं.

तेव्हा दादांची तक्रार सुईच्या महागपणापेक्षा तिच्या टोकाच्या आकाराची असू शकते, नाहीतर ती बसवण्याची.

त्रैराशिक

ताई, दंडवत. आकड्यात सांगायचं तर आतल्या खाचेत १० किलोहर्ट्झची एक लाट २१ मायक्रॉन लांबीची उरते. शंकूसारख्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १८ मायक्रॉन. ती त्या वळणात शिरणार कशी? ब्लूची सुई लंबगोल, तिची कड ८ मायक्रॉनची. मायक्रोलाइन जातीच्या सुईची कड ३ च्या आसपास. डीएल-१०३ मी वर चौकटीत बसवलं खरं, पण त्याची सुई गोल आहे. ते १९६० च्या दशकात एनएचके या जपानी प्रसारण संस्थेसाठी बनलं, आवाज भरदार, स्वभाव सरळ. पण उत्तररात्रांचा जो शेवटचा इंच दुखतोय त्याच्यावर ते औषध नव्हे.

शंकासुर

एवढं करून कानाला फरक कळतो का? माझ्या मते निम्मं डोक्यात असतं. फोनवर फुकट ऐकू येतं तेच गाणं.

पोहे_जास्त_शेव

शंकासुर, जिलबी पण घरी करता येते. तरी सराफ्यात रात्री बाराला गर्दी का असते?

जुनी_पिन

शंकासुराचं सगळंच चूक नाही. महाग कार्ट्रिज आणि वाकडं बसवलेलं, यापेक्षा स्वस्त आणि सरळ बसवलेलं केव्हाही ऐकावं. उत्तररात्र, तू ब्लू बसवलंस कसं? कोनमापक वापरलास की नजरेने?

उत्तररात्र

नजरेने. हेडशेलमध्ये दोन्ही स्क्रू मधोमध ठेवले.

मंद्रसप्तकताई, जवळपास सगळ्याच एलपींवर फाटतं, दोन्ही बाजूंना.

जुनी_पिन

वाटलंच होतं. फुटपट्टी घे. टेक्निक्सच्या या आर्मला हेडशेलच्या मागच्या रबरी चकतीपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर पाहिजे. मोज आणि सांग. मग टेक्निक्सच्या याच मापाचा कोनमापक छापून घे, त्यात ५८.८ आणि ११३.५ मिलिमीटरवर दोन बिंदू असतात, दोन्हीकडे कार्ट्रिजचं अंग रेघांना समांतर हवं. छापल्यावर कागदावरचं अंतर फुटपट्टीने तपास, प्रिंटर आपल्या मनाने लहान करतो.

स्क्रू सैल करताना सुईचं टोपण लावलेलं असू दे. आणि उद्या एमसी घेतलंस तर लोखंडी स्क्रूड्रायव्हर जपून. आतलं चुंबक इतकं जोरकस असतं की हातातलं हत्यार खेचून घेतं. माझ्या एका मित्राची दांडी अशीच गेली, टिक् एवढाच आवाज झाला. त्या टिकची किंमत त्याने बायकोला आजवर सांगितलेली नाही.

उत्तररात्र

काका, ४९ भरले. तीन मिलिमीटर मागे होतं. सहा वर्षं असंच ऐकतोय.

काल रात्री बसवलं. हेडशेलच्या चार तारा (पांढरी, निळी, लाल, हिरवी) चिमट्याने काढताना निळीची पितळी टोपी हातात आली. ती टाचणीवर धरून पुन्हा डाग दिला, त्यातच एक तास गेला. वजन मोजायला सराफ्यातल्या ओळखीच्या पेढीवरून काटा आणला होता, पण त्याचं ताट इतकं उंच की सुई रेकॉर्डच्या पातळीच्या बरीच वर टेकली. शेवटी काउंटरवेटच्या (आर्मच्या मागच्या वजनाच्या) खुणेवरच १.८ ग्रॅम लावले.

फाटणं निम्म्याहून जास्त गेलं! 'स' टोचत नाही. तानेचा शेवट मात्र अजून किंचित खरखरतो.

मंद्रसप्तक

आता उरलेलं म्हणजे सुई झिजलेली किंवा रेकॉर्ड झिजलेली. सहा वर्षं रोज किती वेळ ऐकता?

उत्तररात्र

रोज तासभर तरी. म्हणजे दोन हजार तासांच्या पुढे. बापरे.

त्रैराशिक

लंबगोल सुईला इतकं म्हणजे फार झालं. चांगल्या बारीक सुईलाही हजार तासांच्या आसपास तपासायला लागावं. जवाहिऱ्याच्या दहापट भिंगातून फक्त धूळ दिसते, झीज बघायची तर दोनशेपट सूक्ष्मदर्शक हवा. कॉलेजात कोणी ओळखीचं आहे का?

उत्तररात्र

भाची बीएस्सीला आहे. तिच्या प्रयोगशाळेत बघितलं. टोकाच्या दोन्ही बाजूंना चकाकते सपाट डाग, हिऱ्याला कोणी कानस मारल्यासारखे. भाची म्हणाली, मामा, हे तू इतकी वर्षं आजोबांच्या रेकॉर्डींवर फिरवत होतास? काही बोललो नाही.

जुनी_पिन

होतं असं. माझ्या तर नव्या सुईनेच घात केला होता. बाहेरगावच्या एका दुकानातून 'अस्सल' म्हणून बदली सुई मागवली, नाव घेत नाही. पेटी अस्सल, सुई भलतीच. डावा आवाज उजव्याच्या अर्धा. परत घ्यायला तयार नाहीत, म्हणे पाकीट फोडलंत. पाकीट न फोडता सुई कशी ऐकायची ते त्यांनाच ठाऊक.

शंकासुर

मग प्रश्न सुटला. नवी ब्लू सुई घाला, दीड लाख वाचले. धागा बंद करा.

मंद्रसप्तक

शंकासुर, असं नसतं हो. नवी सुई घालावीच. पण मग पुढचा टप्पा आहेच ना. मी ग्वाल्हेरला एका रसिकांकडे बारीक कडेच्या सुईवर तीच एलपी ऐकली जी घरी लंबगोलवर ऐकत होते. एक तर तानपुरा. घरी तो मागे नुसता गुंजत होता, तिथे जोडाच्या दोन तारा वेगवेगळ्या ऐकू येत होत्या, आणि एक तार केसभर उतरलेली होती! गायकाला ते कळलं असणार, कारण तो षड्जावर यायच्या आधी जरा थांबत होता. इतकी वर्षं मी त्या थांबण्याला लय समजत होते.

तानपुरा ही आपल्याला फुकट मिळालेली परीक्षा आहे. तो दर पावणेदोन-दोन सेकंदांनी हिंदकळत असेल तर कार्ट्रिजला शिव्या देऊ नका, रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात.

उलटही सांगते. बारीक सुई खाचेच्या भिंतीला जिथे टेकते तिथे जुन्या सुया पोचल्या नसतील तर कोरा भाग मिळतो. पण तिथेच चाळीस वर्षांचा कचरा साठलेला असेल तर खरखर वाढते. रेकॉर्ड आधी धुवायला हवी.

पोहे_जास्त_शेव

आमच्याकडे कचरा म्हणजे रंगपंचमीचा गुलाल. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, राजवाड्यावरून निघते, गुलाल बाराखोल्यांच्या घरात शिरतो. एका एलपीत अजून गुलाबी रेघ आहे, सुई तिथे आली की होली है.

जुनी_पिन

७८ च्या तबकड्या स्पिरिटने पुसू नकोस रे, त्या लाखेच्या असतात, विरघळतात. आणि टेक्निक्सच्या एमके२ ला ७८ चा वेग नाही, शिवाय त्या खाचा रुंद, तिथे तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाड सुई लागते, एलपीची सुई तळाशी घासत जाते. ट्रंक घेऊन माझ्याकडे ये.

दुसरं, तुझ्या अँपला मोनोचं बटण आहे का? एचएमव्हीच्या लेबलवर ईएएलपी किंवा ईसीएलपी असेल तर ती मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. आपल्या अमीर खाँसाहेबांची मारवा-दरबारीची एलपी ईएएलपीच आहे. मोनो रेकॉर्डवर आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो. बटण दाबलं की उभ्या हालचालीतली सगळी खरखर एकमेकींना खाऊन टाकते. वेगळं मोनो कार्ट्रिज घ्यायच्या आधी हे फुकटचं कर.

उत्तररात्र

काका, बटण आहे! सहा वर्षं ते बिघडलेलं समजत होतो, दाबलं की 'एक स्पीकर बंद झाल्यासारखं' वाटायचं म्हणून.

आता निर्णय सांगतो. गेल्या रविवारी काकांकडे गेलो होतो (रामबागेतला तो जिना, बाप रे). गॅरार्डवर माझीच दरबारी ऐकली, मोनो करून. मग त्यांच्या एमसीवर एक स्टिरिओ. मग घरी येऊन त्रैराशिकांनी व्यनित (व्यक्तिगत निरोपात) पाठवलेलं गणित पुन्हा केलं. कॅडेन्झा सोडलं. हाना एमएल मागवलं. ९.५ ग्रॅम, मायक्रोलाइन सुई, ०.४ मिलिव्होल्ट, २ ग्रॅम दाब. जपानी आकडा १० आहे, तो १६ धरून माझ्या आर्मवर ८.४ हर्ट्झ येतात. अंतर्गत रोध ८ ओहम, कंपनी शंभर ओहमच्या वर लोड (पुढच्या यंत्राचा रोध) मागते, म्हणून काकांचा रेझिस्टर लागणार नाही, ४७० वर चालून जाईल. उरलेल्या पैशात १:१० चा ट्रान्सफॉर्मर. ब्लूला नवी सुई घालून दुसऱ्या हेडशेलमध्ये ठेवली, खराब रेकॉर्डींसाठी.

त्रैराशिक

८.४ म्हणजे चौकटीत, पण खालच्या कडेला. वाकड्या रेकॉर्डवर लक्ष ठेवा. ट्रान्सफॉर्मर अँपच्या वीजपुरवठ्याजवळ ठेवू नका, ५० हर्ट्झची घरघर ओढून घेतो. घरघर आलीच तर जागेवर हळूहळू फिरवा, एका कोनात ती नाहीशी होते. अर्थिंगची तार टर्नटेबलकडून ट्रान्सफॉर्मरला, तिथून अँपला.

उत्तररात्र

महिन्याभराने वर काढतोय. बसवलं. ५२ मिलिमीटर, दोनदा मोजून. पहिल्या दिवशी घरघर होती, ट्रान्सफॉर्मर सव्वा फूट बाजूला नेऊन पाऊण वळसा फिरवला, गेली. थंडीत सकाळी सातला लावलं तर आवाज जरा आखडलेला वाटतो, दुसऱ्या बाजूपर्यंत सुटतो. दांडीखालचं रबर गारठतं म्हणे.

शेवटचा इंच. द्रुतातल्या त्या तानेत आता प्रत्येक दाणा वेगळा येतो, आणि तबल्याची डग्ग्यावरची मींड, जी या एलपीवर आहे हेच मला माहीत नव्हतं. एका रेकॉर्डवर मात्र अजून फाटतंच. ती खाचच गेलेली आहे, त्याला इलाज नाही.

मंद्रसप्तक

कुठली एलपी?

उत्तररात्र

ती सांगत नाही ताई, तुम्ही मागाल.

पोहे_जास्त_शेव

नाश्त्याचा हिशोब झाला होता, पण आता कोणाला सांगू. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर

कधी यायचं ऐकायला?

उत्तररात्र

शनिवारी या. रविवारी काकांना घेऊन इंदूरजवळच्या पिगडंबरला लतादीदींच्या नावाच्या ग्रामोफोन रेकॉर्डींच्या संग्रहालयात जातोय, ट्रंकेतल्या ७८ पैकी काही तिथे आधीच आहेत का ते बघायला.

जुनी_पिन

गाडी तू आण. आणि ब्लूची ती झिजलेली सुई फेकली नाहीस ना? पोरांना दाखवायला मला हवी आहे.